जिन्यावर दुखणारी दाढ

आजारी मी होते. गाठ माझ्या पोटात होती, टाके मला पडले, खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदांवर नाव माझं होतं. मी बरी झाले. गेले ते माझे यजमान, आणि ते आजारी आहेत असं कुणी म्हटलंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी उगीच आशा धरून बसायला नको.

यजमानांना सगळे मास्तर म्हणायचे. धारवाडच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. केलगेरीच्या तळ्याजवळ आमचं छोटं घर आहे. घरात मी 'अहो' म्हणायची, पण कागदावर अहो कसं लिहायचं, म्हणून इथं मीही मास्तरच म्हणते. मी स्वतः हुबळीच्या एका कॉलेजात नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते. मुली मला टीचर म्हणायच्या. पाठीमागं आणखी काय म्हणायच्या तेही मला ठाऊक आहे, कारण माझं तोंड पहिल्यापासून तिखट.

पेशंटकडे बघायचं कसं, हा माझा विषय. मशीनवरचे आकडे कुणीही वाचेल. नर्सनं आधी माणूस बघावा. काल तो कसा होता आणि आज त्यात काय बदललंय ते हेरावं. दिसलेल्या दोन-चार गोष्टी एकमेकींना जोडाव्यात, आणि जोडून झाल्यावर गप्प बसू नये. हे मी वर्षानुवर्षं फळ्यापुढं उभी राहून सांगितलं. आणि माझ्याच खाटेशेजारी, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, माझा नवरा आजारी होता ते मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ज्यांच्या घरात आत्ता कुणी आजारी आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खाटेवरच्यासाठी थोडं, खुर्चीवरच्यासाठी जास्त.

पिशवी कोण बदलणार

शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून मी काही आठवडे काढले. मग दुर्बिणीनं तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि एका दुपारी आम्ही दोघं डॉक्टरांच्या टेबलापुढं बसलो. त्यांनी रिपोर्ट उघडला तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कागदाच्या आधी चेहरा वाचायची सवय. तिथंच मला कळलं.

आतड्याच्या शेवटच्या भागात कॅन्सर होता. तो भाग काढायचा, टोकं जोडायची, जोड भरून येईपर्यंत मळाची वाट पोटावरच्या पिशवीत काढून द्यायची, मग केमो, आणि काही महिन्यांनी पिशवी बंद. डॉक्टर शांतपणे सांगत होते. हेच शब्द मी कितीतरी जणांच्या नातेवाइकांना समजावून दिले असतील. त्या दिवशी ते नुसते कानावर पडत होते.

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "ती पिशवी कोण बदलणार?"

"आमच्या सिस्टर शिकवतील. पेशंटनं स्वतः बदलायची, नाहीतर घरच्या कुणी."

"मग मी शिकतो," मास्तर म्हणाले.

मला राग आला. इथं माझ्या जिवावर बेतलंय आणि ह्या माणसाला पिशवीची पडलीय. परतीच्या बसमध्ये मला पुढं बायकांच्या सीटवर जागा मिळाली, ते मागं दांडीला धरून उभे राहिले. वाटेतलं नवलूर मागं पडेपर्यंत मी वळून बघितलं नाही. वळले असते तर रडू फुटलं असतं. घरी आल्यावर मात्र भांडलेच. "मी जगेन का, हे विचारायचं सोडून पिशवी कसली विचारता?"

"त्याचं उत्तर डॉक्टरांकडं नव्हतं," ते म्हणाले. "जे गणित मला सुटण्यासारखं आहे, तेवढं मी घेतलं."

भीती फार होती. त्या संध्याकाळी मी घरातली सगळी भांडी घासून काढली, आधी घासून ठेवलेली सुद्धा. मास्तर एकेक भांडं पुसून मांडत राहिले.

सात नंबर, कोण आहे?

आमच्या भागात कुणी "आराम अदीरी?", म्हणजे बरे आहात ना, असं विचारलं की "आराम री" म्हणायचं असतं. घर कानडी असो की मराठी, अंगात ताप असो की मुलीचं लग्न मोडलेलं असो, उत्तर आराम. दुसरं काही सांगणं म्हणजे विचारणाऱ्याला रस्त्यात अडवून धरल्यासारखं होतं. ही रीत इस्पितळातही सुटत नाही. डॉक्टर राउंडला येतात, "आराम?" म्हणतात, आणि नाकातोंडात नळ्या घातलेला माणूस मान हलवतो, आराम. मी मुलींना बजावून सांगायची, "ह्या गावात आराम हे उत्तर धरायचं नाही. तो नुसता नमस्कार समजायचा."

हुबळीच्या इस्पितळात आमचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट स्ट्रेचरसाठी, लिफ्टवाला नातेवाइकांना आत घेत नसे. औषधाचं दुकान तळमजल्यावर. इंजेक्शन, सलाइन, पट्टी, जे लागेल त्याची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात देतात, आणि तो खाली जाऊन, रांगेत उभा राहून घेऊन येतो. तपासायचं रक्तही त्यानंच पोचवायचं, रिपोर्टही त्यानंच आणायचा. तो नसला तर उपचार अडतात, पण त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. "सात नंबर, कोण आहे?" अशी हाक आली की तो उठतो. माझी खाट सातवी, म्हणून मास्तर त्या दिवसांत सात नंबर झाले. हुबळीतच, केशवापुरात त्यांची बहीण राहते. तिच्याकडं जाऊन अंघोळ करायचे, डबा घ्यायचे आणि पुन्हा त्या लाल खुर्चीवर.

वॉर्डातली मंजुळा सिस्टर माझीच विद्यार्थिनी निघाली. उंच, सावळी, कामात सावकाश. घरचं कानडी, पण मराठी आमच्यासारखंच बोलते. मला ती आठवत नव्हती. तिनंच आठवण करून दिली.

"टीचर, शिकताना मी एकदा पेशंटजवळच्या खुर्चीवर बसले होते, तर तुम्ही सगळ्यांसमोर मला झाडलं होतं बघा."

"मग बरोबरच केलं. ड्यूटीवरची नर्स बसत नाही."

"हो टीचर," ती म्हणाली, आणि उभ्याउभ्या माझी नाडी बघायला लागली.

शस्त्रक्रिया झाली आणि जरा शुद्ध आल्यापासून मी तिची परीक्षाच घ्यायला लागले. हात धुतलेस का, सलाइनच्या नळीला बुडबुडा दिसतोय, चादरीची सुरकुती काढ. मास्तर कपाळाला हात लावायचे. "अगं, तू आता पेशंट आहेस." मी म्हणायची, "पेशंट आज आहे, टीचर कायमची आहे."

मग एक सकाळ अशी आली की मला बोलावंसंच वाटेना. ताप नव्हता. बीपी ठीक. डॉक्टरांनी आराम विचारलं, मी आराम म्हटलं, ते पुढच्या खाटेकडं गेले. मंजुळा मात्र थोड्या वेळानं परत आली आणि खाटेशी उभी राहिली.

"टीचर, आज मी हात न धुताच तुमच्या सलाइनला हात लावला."

"असू दे," मी म्हणाले.

ती तिथूनच फोनकडं गेली. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "आकडे बरे आहेत सर, पण टीचर मला बोलत नाहीत. मी मुद्दाम चूक सांगितली तरी असू दे म्हणाल्या. सर, तुम्ही एकदा येऊन बघा." पलीकडून काहीतरी चिडून बोलले असणार. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, "तुम्ही येऊन बघा, सर."

पोटात पू साचायला लागला होता. दुपारी स्कॅन झाला आणि नळी घालून तो काढला. वेळेत कळलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मंजुळा हसून म्हणाली, "हात धुतले होते टीचर. तुम्ही काय म्हणता, ते बघायचं होतं." मनातल्या मनात मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. तोंडानं एवढंच म्हणाले, "खोटं बोललीस."

जावई

आयुष्यभर मी परक्या माणसांची घाण काढली आणि तोंड वाकडं केलं नाही. पण स्वतःच्या पोटाकडं मला बघवेना. आतड्याचं तोंड बाहेर काढून शिवलेलं, टोमॅटोच्या फोडीसारखं लाल आणि ओलं. त्यातून केव्हाही, न विचारता, काहीही यायचं. वास यायचा. मी डोळे मिटून पडून राहायची, आणि मास्तर चष्मा सावरून शिकत होते.

ते घरून कंपासपेटी घेऊन आले. पिशवीला जे भोक पाडायचं ते त्या तोंडाच्या बेताचं हवं. मोठं झालं तर कातडी पोळते, लहान झालं तर तोंडाला काचतं. सिस्टर अंदाजानं कापतात. मास्तरांनी आधी कागदावर वर्तुळ काढलं, ते पोटाशी धरून बघितलं, पुन्हा काढलं, आणि मग पिशवी कापली. माझी कातडी एकदाही पोळली नाही. मंजुळा दुसऱ्या खाटांवरच्या नातेवाइकांना बोलावून आणायची, "मास्तरांचं बघा आणि शिका."

त्या पिशवीचं नाव त्यांनी जावई ठेवलं. वेळी-अवेळी येतो, मान ठेवावा लागतो, रुसला तर घर डोक्यावर घेतो. आमचा खरा जावई पुण्यात असतो, तो बिचारा फार गरीब स्वभावाचा आहे. मुलगी मेधा फोनवर म्हणायची, "अप्पा, त्याला कळलं तर काय म्हणेल?" मास्तर म्हणायचे, "त्याला सांग, थोरल्या जावयाचा मान ह्याला दिलाय." त्या हसण्यात मी पहिल्यांदा पोटाकडं बघितलं. ज्यांना ही पिशवी लागली आहे त्यांना मी एवढंच सांगेन, तिला काहीतरी नाव ठेवा. तिच्यासकट लग्नाला जा, देवळात जा. वास आपल्याला जेवढा येतो तेवढा दुसऱ्याला येत नसतो.

मी बघितलेलं

आता जे सांगते आहे, ते सगळं मी तेव्हा बघितलं होतं.

औषध घेऊन वर आले की मास्तर लगेच बोलायचे नाहीत. पुडकं टेबलावर ठेवून खिडकीपाशी जायचे आणि बाहेर बघत उभे राहायचे. मला वाटायचं, माझी काळजी करत असतील. थंडीचे दिवस होते, तरी पाठीवर सदरा ओला असायचा. बसमध्ये गर्दी असेल. छातीत जळजळतं म्हणून खालच्या गाड्यावर सोडा पिऊन यायचे. मी म्हणायची, "गिरमिट आणि मिरची भजी खाऊन दिवस काढल्यावर पित्त होणार नाही तर काय होणार?" आणि त्यांची दाढ दुखत होती.

"कुठली दाढ?" मी एकदा विचारलं होतं.

"खालची. इकडची. अख्खा जबडाच दुखायलाय."

"लवंग धरा. घरी गेलो की दाताच्या डॉक्टरांकडं जाऊन या."

"आधी तुला घरी नेतो, मग दाढेचं बघतो," ते म्हणाले, आणि खिशात लवंगा ठेवायला लागले. माझ्या उशाशी त्या लवंगांचा वास असायचा. पोटाच्या वासापेक्षा तो मला बरा वाटायचा.

एकदा दारापाशी मंजुळा त्यांना काहीतरी सांगताना दिसली. मास्तरांनी तिला हात जोडले. ते आत आल्यावर मी विचारलं, काय चाललं होतं? "पिशव्या बाहेर कुठं मिळतात ते विचारलं," ते म्हणाले. मला ते पटलं.

रविवार

डिस्चार्ज मिळाला. घरी आल्यावर तळ्याकडून येणारं वारं अंगाला लागलं आणि मी रडले. मास्तर म्हणाले, "सोमवारी हुबळीला जाऊन दाढ दाखवून येतो. बहिणीला दिवसभर तुझ्यापाशी बसवतो."

सोमवारच्या आदल्या दिवशी, सकाळी ऊन चांगलं आल्यावर, त्यांनी माझी पिशवी बदलली. "जावईबापू आज खुशीत आहेत," म्हणाले. मग पाण्याची बादली घेऊन मागच्या अंगणात पेरूच्या झाडाकडं गेले. बादली पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग पोट दोन्ही हातांनी धरून मी उठले आणि भिंतीच्या आधारानं मागच्या दारापर्यंत गेले.

ते भिंतीला टेकून खाली बसले होते. हात जबड्यावर होता. चेहरा राखेच्या रंगाचा. माझ्याकडं बघून म्हणाले, "दाढ."

आणि तेव्हा मला सगळं जुळलं. खिडकी, ओला सदरा, सोडा, लवंग. हृदयाचं दुखणं जबड्यात दुखू शकतं, ते चढताना येतं आणि थांबल्यावर जातं, हे मी स्वतः शिकवलेलं. माझ्या कुठल्याही विद्यार्थिनीनं ह्या चार गोष्टी फळ्यावर लिहिलेल्या बघितल्या असत्या तर उत्तर सांगितलं असतं.

ते आडवे झाले. मी ओरडले, शेजारचा बसवराज कुंपण ओलांडून आला. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून दाबायला गेले, पण टाक्यांनी मला वाकता येईना. "अक्का, सरका. मला सांगा," तो म्हणाला. हात कुठं ठेवायचे, किती जोरानं दाबायचं, ते मी त्याला सांगितलं. तो दाबत होता आणि मी मोठ्यानं मोजत होते. रुग्णवाहिका येईपर्यंत मोजत होते. घरात मोजायचं काम नेहमी मास्तरांचं होतं.

ते परत आले नाहीत.

मंजुळा आली

लोक येत होते. "कुणाकडून काही करून न घेता गेले, पुण्यवान," म्हणत होते. मला ते ऐकून चीड यायची. मेधा पुण्याहून येऊन राहिली. कपाटात मास्तरांनी पुढच्या दिवसांसाठी पिशव्या आधीच कापून ठेवल्या होत्या, गोल, एकसारख्या. मी त्या स्वतःच्या हातानं लावायला शिकले. पुढं सूज उतरत गेली, तोंड लहान झालं, आणि त्यांचं माप मोठं व्हायला लागलं. मला माहीत होतं की असं होतं. तरी त्या पिशव्या संपेपर्यंत मी दुसऱ्या कापल्या नाहीत. थोडी कातडी पोळली. पोळू दे म्हटलं.

दिवसवार झाल्यावर मंजुळा आली. दारातूनच "ऊट आतेनरी, टीचर?" म्हणाली. जेवलात का, असं. मी बस म्हटलं तरी ती बसेना. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"टीचर, मास्तरांच्या दाढेचं मला ठाऊक होतं."



तिनं जिन्याच्या वळणावर त्यांना जबडा धरून थांबलेलं बघितलं होतं. कुठली दाढ म्हणून विचारलं, तर मास्तरांना बोट ठेवून एक दाढ दाखवता आली नाही. जेवताना दुखते का, तर नाही, भाकरी नीट चावता येते. "मग मी म्हणाले, मास्तर, जेवताना न दुखणारी दाढ जिन्यावर कशी दुखते? ते हसले. चांगला प्रश्न आहे म्हणाले."

तिनं ड्यूटी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आपला पेशंट नाही, ओपीडीत पाठवा. तिनं बीपी बघितलं, मास्तरांना त्याच वेळी खाली ईसीजी काढायला पाठवलं. ते गेले. केसपेपर काढला, रांगेत उभे राहिले. तेवढ्यात वरून सात नंबरची हाक आली. माझं इंजेक्शन आणायचं होतं. मास्तर ती रांग सोडून औषधाच्या रांगेत गेले.

"दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं, टीचर. त्यांनी हात जोडले. 'तुझ्या टीचरला सांगू नकोस. पोटात नळी आहे तिच्या, ती उठून माझ्यामागं लागेल. तिला घरी नेतो आणि सोमवारी नक्की येतो, शप्पथ.' तुम्ही त्याच दिवशी जरा बोलायला लागला होता. म्हणून मी थांबले."

"तू माझ्यासाठी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा बोलावलंस," मी म्हणाले. "त्यांच्यासाठी थांबलीस?"

"हो टीचर."

"जोडून झाल्यावर गप्प बसायचं नाही, हे मी तुला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं, टीचर." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी तिला जा म्हणाले. पाणीसुद्धा विचारलं नाही.

नंतर केमोच्या दिवसांत खाटेवर पडून मी तिचा पेपर पुन्हा पुन्हा तपासला. खाटेवर पू काढलेली बाई, जिला धक्का बसायला नको. खुर्चीवर तिचा नवरा, जो हात जोडतोय आणि चार दिवसांची मुदत मागतोय. त्याचा कागद नाही, खाट नाही, आणि तो उठला तर बाईचं औषध अडतं. नर्सनं काय करावं? मी हा प्रश्न परीक्षेत घातला असता तर उत्तर लिहून ठेवलं असतं, टीचरला सांगावं. पण मला सांगितलं असतं तर त्या अवस्थेत मी काय केलं असतं? कदाचित त्यांना ओरडून खाली पाठवलं असतं आणि ते आज असते. कदाचित तेव्हाही लवंग धरा म्हणाले असते. अजून मला कळत नाही. काही दिवस मी तिला नापास करते, काही दिवस स्वतःला. एखाद्या दिवशी मास्तरांवरच चिडते, एवढे हुशार, आणि सोमवार कसला मागितलात?

खुर्चीवर बसणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, एकट्यानं बसू नका, पाळ्या लावून घ्या. आणि तुमचं काही दुखलं तर खाटेवरच्याला सांगा. आजारी माणूस तेवढं सोसतो. माहीत नसण्यापेक्षा ते सोपं असतं. खाटेवरच्यांनो, तुमच्यासाठी कोण जिना चढून येतंय त्याच्याकडं रोज एकदा नीट बघा. आराम का, असं विचारू नका. येताना कुठं थांबलात, ते विचारा.

पुन्हा सात नंबर

पिशवी बंद करायला मी त्याच वॉर्डात गेले. खाट तीच मिळाली, लाल खुर्चीही तीच. खुर्चीवर मेधा. जावयाला निरोप द्यायचा म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण मास्तरांनी ज्याला नाव ठेवलं होतं ते आता पोटावर असणार नाही, ह्याचंच वाईट वाटत होतं.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा मंजुळा आली ती माझ्याकडं न बघता खुर्चीकडं गेली.

"कधी जेवलीस?"

"चहा घेतला," मेधा म्हणाली.

"जिना चढताना दम लागला? कुठं थांबलीस?"

"नाही. कशाला?"

"असंच. जा, जेवून ये. औषधाला मी वॉर्डातल्या मावशीला पाठवते." मेधा माझ्याकडं बघून निघून गेली. शेजारच्या खाटेवरची अळणावर गावची बाई म्हणाली, "ही सिस्टर आधी माझ्या नवऱ्यालाच तपासतीया बगा. आजारी म्या हाय."

खुर्ची रिकामी झाली. मंजुळानं माझी पट्टी बघितली, नळी बघितली.

"टीचर, कुठं दुखतंय?"

इतके महिने भेटेल त्याला मी आराम म्हणत आले होते. भाजीवाल्याला, बसवराजला, डॉक्टरांना, पोटच्या मुलीलासुद्धा.

"टाके बरे आहेत," मी म्हणाले. "ही खुर्ची बघवत नाही मला, मंजुळा."

तिनं खुर्चीकडं बघितलं. मग खुर्ची जवळ ओढून, ड्यूटीवर असताना, सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर बसली. मी काही बोलले नाही. तिनं थोडी वाट बघितली, आणि घाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाही गं," मी म्हणाले. "बस."